काकू, बदकं काढू नका, रंगवा

पत्र :

"नमस्कार ताई. मी ६१ वर्षांची, बँकेतून रिटायर्ड. नाशिकच्या इंदिरानगरला रो हाऊस आहे, पुढे छोटंसं अंगण. नोकरीत कधी वेळ मिळाला नाही, रिटायर झाल्यावर एकेक वस्तू आणायला लागले. आता अंगणात सिमेंटची बदकं आहेत (आई आणि चार पिल्लं), एक हरीण, टायर कापून केलेले दोन हंस, लाल टोपीवाला दाढीवाला बुटका, ऑनलाइन मागवलेले दोन गुलाबी फ्लेमिंगो, फुटक्या बांगड्या आणि कपबशा लावून मी स्वतः सजवलेली कुंडी, वाऱ्यावर वाजणाऱ्या घंटा, आणि गेटबाहेर 'मला वापरा' लिहिलेला कचऱ्याचा पेंग्विन. कॉलनीतली मुलं जाता-येता बदकांना हाय करतात. मुलाचं लग्न ठरलंय, तुळशीच्या लग्नानंतर साखरपुडा घरीच आहे. मुलगा म्हणतो त्याआधी हे सगळं काढ, मुलीकडचे काय म्हणतील. मुलगी आर्किटेक्ट आहे. इंटिरियरवाल्याने अंगणात पांढरे खडे आणि दोन उंच करड्या कुंड्या असं ड्रॉइंग दिलंय. शेजारच्या वहिनी विचारतात, बालवाडी उघडली का. आमचे हे काहीच बोलत नाहीत, पण बदकांना रंग मात्र तेच देतात. माझी आवड खरंच इतकी हलकी आहे का? आणि नर्सरीत एक जिराफ बघून ठेवलाय, तो घेऊ की नको?"

उत्तर :

काकू, आधी उत्तर सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. काढू नका. एकही वस्तू घालवू नका, फक्त पेंग्विनला गेटच्या आत घ्यायचंय, त्याचं कारण पुढे सांगते.

आता तो "हलकी" शब्द. तो तुमच्या पत्रात आलाय पण तो तुमचा वाटत नाही, कुणीतरी बोललंय आणि तुम्ही तो उचलून मनात ठेवलाय, असं मला वाटलं. मला खरंच सांगा, आपल्या मराठी घरात अशा वस्तू नव्हत्या कधी? रुखवत आठवा. पोत्याच्या सुतळीची बाहुली, मोत्यांचा मोर, खारकांना बारीक कपडे घालून मांडलेली अख्खी वरात, साबुदाण्याचं तुळशीवृंदावन, आणि ते बघायला लग्नात बायका रांग लावून उभ्या राहायच्या, कुणी काय केलंय, कसं केलंय, गोंद कुठला वापरला. आमच्या पंचवटीतल्या आजीच्या रुखवतातला कापसाचा ससा तिच्या शोकेसमध्ये ती असेपर्यंत होता, कान पिवळे पडले होते तरी. आणि ती शोकेस तर काय, प्रत्येक घरात तीच, आग्र्याहून आणलेला ताजमहाल, कोकणातले शंख, वायरचा पोपट, हसणारा बुद्ध, मुलाला तिसरीत मिळालेली ट्रॉफी. त्या काचेमागे एका घराचं सगळं आयुष्य दिसायचं. कुणी आलं की आधी तिकडेच नजर जायची आणि तिथूनच गप्पा सुरू व्हायच्या, "हे कुठून आणलं हो?"

आणि दिवाळीतला किल्ला! तुमच्या मुलाने पण केलाच असेल. पोती, विटा, माती, वरून हळीव नाहीतर मोहरी पेरायची म्हणजे चार दिवसांत हिरवळ येते, वर सिंहासनावर महाराज, बुरुजाबुरुजावर मावळे, आणि खाली पायथ्याला आरशाच्या तुकड्याचं तळं, तळ्यात प्लॅस्टिकचं बदक, शेजारी वाघ, वाघाच्या बाजूला हेलिकॉप्टर आणि शिट्टीवाला ट्रॅफिक पोलीस. महाराजांच्या काळात हेलिकॉप्टर कुठलं असं कुणी विचारत नाही. ज्या पोराकडे हेलिकॉप्टर आहे ते ठेवणारच, कारण ते त्याचं लाडकं आहे. मला किल्ल्यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, की जे जे लाडकं ते ते सगळं मांडायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवून दाखवायचं. तुम्ही अंगणात हेच करताय, दिवाळीपुरतं न करता वर्षभर करताय एवढंच. आणि थोडं मागे गेलात तर जुन्या नाशकातले वाडे आहेतच, दारावर गणेशपट्टी, खांबांवर कोरलेली कमळं, कुठे मोर, कुठे पोपट. नुसतं छप्पर पेलायला खांबावर कमळ लागत नाही. कुणाला तरी ते हवंसं वाटलं म्हणून सुताराने कोरलं.

मुलगी आर्किटेक्ट आहे म्हणून तुम्ही जास्त घाबरलाय ना, मग तुमच्या अंगणातल्या मंडळींचं थोडं घराणं सांगते, साखरपुड्याला कुणी विचारलंच तर तुमच्याकडे सांगायला असू दे.

तुमचे गुलाबी फ्लेमिंगो १९५७ सालचे. म्हणजे तुमच्याकडचे नवेच असतील, पण ही कल्पना तेव्हाची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये लिओमिन्स्टर नावाचं गाव आहे, तिथल्या युनियन प्रॉडक्ट्स या प्लॅस्टिकच्या कंपनीत डॉन फेदरस्टोन नावाचा तरुण शिल्पकार लागला, रीतसर कला शिकलेला माणूस. आणि त्याला सुरुवातीला काय करायला दिलं असेल? बदक! त्याने चक्क एक जिवंत बदक विकत आणलं, समोर ठेवून त्यावरून साचा केला आणि मग त्या बदकाला बागेतल्या तळ्यावर सोडून दिलं. फ्लेमिंगो काही त्याला जिवंत मिळाला नाही, तो त्याने मासिकातले फोटो बघून केला. कॅटलॉगमध्ये जोडी २.७६ डॉलरला होती, त्यामुळे साध्या कामगारांच्या एकसारख्या घरांपुढे सगळीकडे ती उभी राहिली. सगळी घरं सारखी दिसत असताना आपलं घर ओळखू यावं ही इच्छा त्यामागे होती, आणि ती इंदिरानगरच्या रो हाऊसच्या रांगेत राहणाऱ्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नको. पुढे वरच्या वर्गातल्या लोकांनी त्याला भरपूर नावं ठेवली, तरी फेदरस्टोनच्या स्वतःच्या अंगणात ५७ फ्लेमिंगो होते आणि तो त्यांच्याबद्दल कायम अभिमानाने बोलायचा. १९७९ मध्ये अमेरिकेतल्याच मॅडिसन शहरात युनिव्हर्सिटीच्या पोरांनी डीनच्या ऑफिससमोरच्या टेकडीवर एका रात्रीत १,००८ फ्लेमिंगो रोवून ठेवले, आणि लोकांना ते इतकं आवडलं की २००९ मध्ये त्या शहराने प्लॅस्टिकच्या फ्लेमिंगोला आपला अधिकृत पक्षी करून टाकलं. आपल्याला तर खरा पक्षीही लांब नाही, रोहित म्हणतो आपण त्याला, थंडीत नांदूरमध्यमेश्वरला उतरतो कधीकधी. निफाड तालुक्यातली ही जागा पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, महाराष्ट्रातली पहिली. साखरपुडा झाला की नव्या सुनेला घेऊन जा एकदा, दुर्बीण घेऊन.

लाल टोपीवाल्या बुटक्याची गोष्ट मला जास्त लागते. इंग्लंडमध्ये लॅमपोर्ट हॉल नावाचा मोठा वाडा आहे, तिथला मालक सर चार्ल्स आयशम याने १८४० च्या दशकात जर्मनीतून भाजलेल्या मातीचे २१ बुटके आणले आणि बागेतल्या दगडी टेकाडावर मांडले. जीव होता त्याचा त्यांच्यावर. त्याच्या मुलींना मात्र ते मुळीच आवडत नव्हते, आणि तो गेल्यावर ते सगळे काढून टाकले गेले असं सांगतात. एकच बुटका दगडाच्या कपारीत कुणाला न दिसता राहून गेला. आज लोक तो वाडा बघायला जातात तेव्हा तो एकटा बुटका आवर्जून बघतात, आणि बाकीचे वीस कुठे गेले म्हणून हळहळतात. आणि याच इंग्लंडमध्ये चेल्सी फ्लॉवर शो म्हणून फुलांचं फार मोठं प्रदर्शन भरतं, तिथे बुटक्यांना बंदीच होती. २०१३ मध्ये शंभरी होती तेव्हा त्या एका वर्षापुरती ती उठवली. म्हणजे बघा, नाकं मुरडणारे सगळीकडे आहेत आणि दीडशे वर्षांपासून आहेत, बुटके तरीही गेले नाहीत.

आता खास आर्किटेक्ट सुनेसाठी. चंदीगड. ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध आर्किटेक्टने आखलेलं शहर, सरळ रस्ते, सेक्टर, काँक्रीट, आर्किटेक्चर शिकणाऱ्या प्रत्येकाला ते शिकावंच लागतं. त्याच शहरात नेक चंद नावाचा सरकारी रस्ते निरीक्षक होता. शहर वसवताना जी गावं पाडली त्यांचा राडारोडा तो सायकलवर गोळा करायचा, फुटक्या बांगड्या, कपबशा, फरशा, विजेचे खटके, आणि नोकरी संपली की संध्याकाळी सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात एकटा बसून त्यातून माणसं, माकडं, पक्षी, नाचणाऱ्या बायका घडवायचा. सुरुवात १९५७ ची, फ्लेमिंगोचंच साल! जागा सरकारी, बांधकाम बेकायदेशीर, त्यामुळे सगळं लपून. जवळजवळ १८ वर्षं कुणाला पत्ता नव्हता. १९७५ च्या सुमारास सरकारी माणसांना सापडलं तेव्हा खरं तर पाडायचंच होतं, पण लोक बघायला आले आणि बघतच राहिले. १९७६ मध्ये रॉक गार्डन म्हणून ते उघडलं, त्याला पगार आणि हाताखाली ५० मजूर मिळाले, १९८४ ला पद्मश्री. आज चंदीगडला जाणारा माणूस रॉक गार्डन बघितल्याशिवाय परत येत नाही. आणि फेदरस्टोन आणि नेक चंद, दोघं एकाच महिन्यात गेले काकू, जून २०१५, दहा दिवसांच्या फरकाने. हे वाचलं तेव्हा मला कितीतरी वेळ काही सुचलं नव्हतं.

तुमची बांगड्यांची कुंडी त्याच घराण्यातली आहे. ती तुमच्या हातची आहे, त्यामुळे सगळ्या अंगणात ती मला सगळ्यात मोलाची वाटते. ती गेटजवळ आणा, आत येणाऱ्याला आधी ती दिसली पाहिजे.

हे झालं तुमच्या बाजूने. आता थोडं कडक बोलते.

वहिनी बालवाडी म्हणाल्या, मुलाला लाज वाटते, यात त्यांचं सगळंच चुकतंय असं मी म्हणणार नाही. अशी अंगणं मी बऱ्याच ठिकाणी बघते, सिडकोत, सातपूरला, गंगापूर रोडच्या बंगल्यांमध्ये पण, आणि माझं निरीक्षण असं आहे की बघणाऱ्याच्या डोळ्याला बदक खुपत नाही, चोच तुटलेलं बदक खुपतं. हरणाचा एक डोळा गेलाय, पायातून गंजकी सळई दिसतेय, हंसाच्या पाठीत पावसाचं पाणी आणि चॉकलेटचे कागद, फ्लेमिंगो उन्हाने उडून पांढरट झालाय, आणि आठ वस्तू भिंतीला टेकून उभ्या कारण फरशी पुसताना कुणीतरी सरकवल्या त्या तशाच राहिल्या. हे दिसलं की माणूस म्हणतो पसारा आहे. तेच बदक ताज्या पांढऱ्या रंगात, केशरी चोचीचं, अळूच्या पानांखालून पिल्लं घेऊन निघालेलं दिसलं की तोच माणूस थांबतो आणि मोबाईल काढून फोटो काढतो. वस्तू तीच, फरक निगेचा. इंटिरियरवाल्याच्या त्या करड्या कुंड्यांची निगा राखली नाही तर त्याही वर्षभरात भिकार दिसतील, आणि नाशकातली धूळ आणि पानगळ बघता पांढरे खडे तर पहिल्याच उन्हाळ्यात.

तर साखरपुड्याच्या आधी काढायचं काही नाही पण कामं भरपूर आहेत. दसऱ्यानंतर पाऊस थांबला आणि ऊन कडक पडलं की लगेच सुरू करा, ओल असताना रंगाला हात लावू नका. तुमचे हे बदकांना रंग देतात हे वाचून मला फार बरं वाटलं, जो माणूस तोंडाने काही बोलत नाही पण दरवर्षी ब्रश घेऊन बसतो त्याचं मत काय आहे हे कळतंच की. पण बहुतेक ते सरळ ऑइलपेंट मारत असतील, डबा घरात असतोच म्हणून, आणि म्हणून तो फुगून पोपडे येत असतील. सिमेंट खालून जमिनीची ओल ओढतं, वर ऑइलपेंटचा जाड थर असला की ती ओल बाहेर पडायला जागा शोधते आणि रंगच उचलते. आधी तारेच्या ब्रशने सुटलेला सगळा रंग खरवडा, साध्या पाण्याने धुवा, चांगलं वाळू द्या. तडा असेल आणि आतली तार गंजलेली दिसत असेल तर गंज खरवडून तारेला रेड ऑक्साइड लावा, नाहीतर गंज फुगत जातो आणि तडा दरवर्षी मोठा होतो. मग सिमेंटने भरा, आठवडाभर त्यावर पाणी मारा, आणि त्यानंतर वाळायला वेळ द्या, चांगले तीन आठवडे, कारण कच्च्या सिमेंटवर रंग टिकतच नाही. मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर एक हात, बाहेरच्या भिंतीचाच इमल्शन दोन हात. डोळे शेवटी, बारीक ब्रशने, आणि डोळे काढताना घाई करू नका, सगळं बदक डोळ्यात असतं. आणि बदकं विटांवर किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवा, सरळ मातीत नको, अर्धी ओल तिथेच कमी होते.

टायरच्या हंसांचं जास्त मनावर घ्या, कारण तो प्रश्न दिसण्याचा नाहीये, डेंग्यूचा आहे. टायरमध्ये साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. ड्रिल घेऊन दोन्ही हंसांच्या तळाला चार-पाच भोकं पाडा, आत माती भरून त्यात ऑफिस टाइमची फुलं नाहीतर सदाफुली लावा म्हणजे पाणी साठायला जागाच नको. बुटका पोकळ असेल तर त्यालाही खालून भोक. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, अंगणात फिरून सगळं उलटं करून बघायचं. कॉलनीतली मुलं तुमच्या बदकांजवळ येतात ना, मग हे तर करायलाच हवं. मुलांचंच आहे म्हणून अजून एक, बांगड्यांच्या कुंडीवरून हात फिरवून बघा, कुठे काच टोचली तर पॉलिश पेपरने धार घासा आणि फटींमध्ये पांढऱ्या सिमेंटचं ग्राऊट परत भरा.

फ्लेमिंगो अर्धवट सावलीत हलवा, प्लॅस्टिकचा रंग उन्हानेच जातो. बस, त्यांचं एवढंच.

मांडणीबद्दल. एका ओळीत काही उभं करू नका. गौरीपुढे आरास मांडताना आपण कसं करतो, मागे उंच, पुढे बुटकं, आणि प्रत्येक वस्तूला तिची स्वतःची जागा, तसंच इथे. एक खुर्ची गेटबाहेर रस्त्यावर ठेवा, खरंच ठेवा, पाच मिनिटं बसा आणि बघा काय दिसतं. मग तीच खुर्ची ओट्यावर ठेवून आतून बघा. बुटका एकदम समोर नको, तो जास्वंदीच्या बुडाशी अर्धा लपलेला हवा, म्हणजे मुलांना तो सापडल्याचा आनंद मिळतो. हरीण एकटंच राहू दे, त्याला मोकळी जागा द्या. सगळंच एका वेळी बाहेर असलं पाहिजे असंही नाही, थोडं आत ठेवा आणि सणावाराला बदला, लोकांनाही दर वेळी नवीन काहीतरी दिसतं. आणि अंगणात काही जुनं भारदस्त हवं असेल तर भांडी बाजारात चक्कर मारा, लोक तांब्याचे बंब आणि घंगाळी मोडीत घालतात, एखादं वजनावर मिळालं तर घ्या, आत प्लॅस्टिकचा टब बसवा (तांब्याच्या पाण्यात मासे जगत नाहीत) आणि त्यात कमळ नाहीतर वॉटर लिली लावा, गप्पी मासेही सोडा, म्हणजे डासाचंही बघायला नको. बदकांशेजारी तांबं काय सुंदर दिसतं, करड्या कुंड्यांना ते जमणार नाही.

घंटा रात्री बांधून ठेवा काकू. दिवसा त्यांचा आवाज गोड लागतो पण रात्री दोनला वारा सुटला की वहिनींच्या बेडरूमची खिडकी किती लांब आहे? बालवाडीचा टोमणा तिथून आला असेल अशी मला दाट शंका आहे. तसंच पेंग्विन. गेटबाहेरची जागा आपली नसते, ती सगळ्यांची असते, उद्या कुणाची गाडी वळताना अडली की तुमच्या सगळ्या अंगणावर बोट ठेवायला कारण मिळेल. त्याला आत घ्या, गेटला लागून तोंड रस्त्याकडे करून उभा करा, त्याचं काम तो आतूनही करेल. आणि त्याच्या तोंडातला कचरा रोज काढा, हे सांगायला नको पण सांगते.

आता मुलगा. त्याच्यावर रागावू नका, त्याला तुमची लाज वाटतेय असं धरून तर मुळीच चालू नका. लग्न ठरलेल्या मुलाला अचानक आपलं घर परक्या नजरेने दिसायला लागतं, भिंतीवरचा डाग, नळाची गळती, आईची बदकं, सगळं एका यादीत. त्याला शांतपणे अंगणात घेऊन जा, चहा घेऊन, आणि सांगा, "यातलं तुला नक्की काय खुपतं ते बोट ठेवून दाखव." सगळं म्हणाला तर ऐकू नका, एकेक विचारा. बहुतेक दोन-तीन वस्तू निघतील आणि त्या बहुतेक तुटक्याच असतील. त्या दुरुस्तीच्या यादीत पहिल्या घ्या. मग वाटणी करा स्पष्ट, हॉल आणि त्याची खोली तो आणि इंटिरियरवाला म्हणतील तशी, पांढरी करडी काय हवी ती, तुम्ही तिथे एक वायरचा पोपटसुद्धा ठेवणार नाही. अंगण तुमचं. आणि एक नियम दोन्हीकडून, दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय कुणी टाकायची नाही, रंगकाम चालू आहे म्हणून गच्चीवर नेली आणि परत आलीच नाही असंही नाही. हे लग्नाच्या आधी ठरलेलं बरं, नंतर त्यात सून मधे सापडते आणि तिचा काही संबंध नसतो.

मुलीकडचे काय म्हणतील हे मला माहीत नाही, तुमच्या मुलालाही माहीत नाही. पण ते घर बघायला येतायत ना, मग त्यांना घर बघू दे. आपल्याकडे पाहुणे यायचे म्हटलं की घर इतकं आवरतात की तिथे कुणी राहतं की नाही कळू नये, आणि मग मुलगी नांदायला येते तेव्हा तिला वेगळंच घर भेटतं. तिच्या आईला अंगणात पाय ठेवल्यावर कळलं की या घरातली बाई नोकरी संपल्यावर बांगड्यांच्या तुकड्यांतून कुंडी करते आणि तिचा नवरा बदकाचे डोळे रंगवतो, तर त्यांना काळजी कमी वाटेल का जास्त? मला तरी अशा घरात मुलगी द्यायला आवडेल.

जिराफ आत्ता घेऊ नका. घ्यायचाच नाही असं नाही, पण छोट्या अंगणात उंच जिराफ आला की बाकी सगळे त्याच्या पायाशी येतात आणि बदकं दिसेनाशी होतात, शिवाय फायबरचा हलका असेल तर वळवाच्या वादळात आडवा होणार, त्याला खाली काँक्रीटचा पाया घालून बोल्ट करावा लागतो. पेन्शनमधून यासाठी महिन्याला जी रक्कम बाजूला काढत असाल ती या वेळी रंग आणि प्रायमरवर जाऊ दे. जिराफाचा फोटो काढून ठेवा, गच्चीची उंची, अंगणाचं माप कागदावर लिहून ठेवा.

आणि साखरपुड्याच्या दिवशी मुलीला अंगण तुम्ही स्वतः दाखवा, मुलाच्या मागे उभं राहून नाही, पुढे होऊन. कुंडी कशी केली ते सांगा, बांगड्या कुणाच्या कुणाच्या आहेत ते सांगा, त्यात तुमच्या लग्नातला हिरवा चुडा असेल तर तेही. मग तिला विचारा की जिराफ आणायचा तर या अंगणात कुठे उभा करशील. ती आर्किटेक्ट आहे, जागेचा प्रश्न तिच्या रोजच्या कामाचा आहे. ती म्हणाली की जागाच नाही, तर तिचं ऐका आणि नका घेऊ. ती म्हणाली की तुळशीच्या मागे, पूर्वेच्या भिंतीला, पण पाया नीट घाला, तर तिघं मिळून नर्सरीत जा, तुम्ही, ती आणि तुमचा मुलगा, आणि येताना टेम्पोवाल्याला आधीच सांगा की मान वर करून नाही, आडवा झोपवून न्यायचाय.